टॉप गिअर की व्हीलर डीलर्स: जुनी गाडी घेताना कुणाचं ऐकायचं?

टीव्हीवरचे गाड्यांचे कार्यक्रम बघून सेकंडहँड गाडी शोधायला निघालेली मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या गप्पांत 'टॉप गिअर' आणि 'व्हीलर डीलर्स' हमखास एकाच माळेत ओवले जातात. दोन्ही ब्रिटिश. दोन्हींत थोराड पुरुष स्वस्तातली जुनी गाडी उचलतात, तिच्यावर काहीबाही उद्योग करतात आणि शेवटी किती गेले, किती आले ते सांगतात. फरक विचारला तर उत्तर ठरलेलं: टॉप गिअर म्हणजे टवाळक्या, व्हीलर डीलर्स म्हणजे खरा व्यवहार. मला हे अर्धंच पटतं. टवाळ कार्यक्रमाच्या नादाने कुणी खिसा रिकामा करून घेत नाही. गंभीरपणे हिशेब मांडणाऱ्याच्या नादाने मात्र घेऊ शकतो.

टॉप गिअर १९७७ मध्ये बीबीसीच्या मिडलंड्स विभागात सुरू झाला, तेव्हा तो साधासुधा ग्राहकांचा कार्यक्रम होता. अमुक गाडी कशी चालते, जुनी घेताना काय बघावं, असं सगळं. २००१ मध्ये तो बंद झाला. त्यातले काही जुने निवेदक चॅनेल फाइव्हवर गेले आणि २००२ मध्ये 'फिफ्थ गिअर' आला. त्याच वर्षी निवेदक जेरेमी क्लार्कसन आणि निर्माता अँडी विल्मन यांनी टॉप गिअर नव्या अवतारात आणला. पहिल्या सीझनला क्लार्कसन आणि रिचर्ड हॅमंड यांच्या जोडीला सेकंडहँड गाड्यांचा एक जाणकार होता. दुसऱ्या सीझनला तो गेला आणि जेम्स मे आला. कार्यक्रमाला सल्ला सोडून टवाळकीकडे जायचं होतं, हे त्या एका बदलातच कळलं.

त्याचा कळस म्हणजे २००८ मधली फोर्ड फिएस्टाची चाचणी. नेहमीच्या माणसाच्या गाडीची नीट चाचणी घ्या, अशी तक्रारवजा मागणी आली म्हणून क्लार्कसनने शहाण्या मुलासारखी सुरुवात केली: परवडते का, पार्किंगला कशी, डिकी केवढी. आणि मग प्रश्न आला, की मॉलमध्ये गुंड कॉर्व्हेटसारखी स्पोर्ट्स कार घेऊन मागे लागले तर? झालं, दोन्ही गाड्या मॉलच्या आत, दुकानांमधून सुसाट. पुढचा प्रश्न त्याहून भारी: ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स सैनिकांबरोबर किनाऱ्यावर हल्ला करायची वेळ आली तर? फिएस्टा लष्करी बोटीतून थेट वाळूवर उतरली. गंमत अशी, की त्या धुडगुसातही फिएस्टा चांगली गाडी आहे एवढं बघणाऱ्याला कळतंच. पण मायलेज, सर्व्हिसिंगचा खर्च, चार वर्षांनी किती किंमत येईल, यासाठी कुणी त्या भागाची उजळणी करणार नाही.

टॉप गिअरची चाचणी कुणी शब्दशः घेत नाही, हाच मुद्दा कोर्टातही गेला. २००८ च्याच एका भागात विजेवरची टेस्ला रोडस्टर ट्रॅकवर पळवली आणि तिची बॅटरी ५५ मैलांत आटपेल असं सांगितलं. कंपनीचा दावा सुमारे २०० मैलांचा होता. २०११ मध्ये टेस्लाने बीबीसीवर दावा ठोकला आणि ती हरली. ट्रॅकवर गाडी पिळून काढल्यावर मिळणारं अंतर म्हणजे रोजच्या रस्त्यावरचं अंतर, असं कुठलाही समंजस प्रेक्षक समजणार नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं. २०१३ मध्ये अपिलातही तेच टिकलं.

तरीही जुन्या गाडीबद्दलचा टीव्हीवरचा सगळ्यात खरा सल्ला मला टॉप गिअरमध्येच सापडतो. २००५ मध्ये तिघांना १०,००० पौंडांच्या आत इटालियन सुपरकार घ्यायला सांगितलं होतं. क्लार्कसनने मासेराती मेराक घेतली, हॅमंडने फेरारी ३०८, मे याने लॅम्बोर्गिनी उराको. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून स्लाउपर्यंतचा प्रवास, म्हणजे आपल्या पुणे-मुंबईपेक्षा फार जास्त नाही. उराकोच्या वायरिंगने सतत दगा दिला आणि मेराकचं इंजिनच गेलं. हसून हसून पोट दुखतं, पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: नवी असताना डोळे फिरवणाऱ्या किमतीची गाडी जुनी होऊन तुमच्या बजेटमध्ये येते, तिचे पार्ट मात्र येत नाहीत. दहा-बारा वर्षं जुनी जर्मन सेडान नव्या हॅचबॅकच्या भावात बघून ज्यांचे डोळे लकाकतात, त्यांनी हा भाग जरूर बघावा.

आता व्हीलर डीलर्स. २००३ पासून डिस्कव्हरीवर. माइक ब्रूअर गाडी शोधून आणणार, मेकॅनिक एड चायना नारिंगी हातमोजे घालून ती खोलायचा. माइक टीव्हीवर येण्याआधी गाड्यांचाच धंदा करायचा, ते दिसतंही. गाडी बघताना तो दाराच्या खालचा पत्रा दाबून बघतो, सर्व्हिसच्या पावत्या चाळतो, चालवून बघतो आणि मग घासाघीस करून हात मिळवतो. एवढा भाग अगदी घेण्यासारखा. एडचं कामही तसंच: नेमका कुठला पार्ट गेलाय, तो काढायला काय काय खोलावं लागतं, नवा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करायचा, हे तो शांतपणे दाखवायचा. २०१७ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला तो याच गॅरेजच्या भागावरून. तो तपशील कमी करायचं घाटत होतं आणि त्याला ते मान्य नव्हतं.

खोच आहे ती शेवटच्या हिशेबात. गाडी एवढ्याला घेतली, पार्टला एवढे लागले, एवढ्याला विकली, हा घ्या नफा. यात एडची मजुरी कुठेच नाही.

नमुन्यादाखल माझेच आकडे घ्या. गाडी २,००० पौंड, पार्ट ७०० पौंड, विकली ३,५०० ला. पडद्यावर ८०० पौंडांचा नफा झळकेल. आता एडचे ३० तास धरा आणि बाहेरच्या गॅरेजचा दर तासाला ६० पौंड. मजुरीचे झाले १,८००. म्हणजे नफा गेला आणि वर १,००० पौंडांची खोट आली. ज्याला स्वतःला पाना चालवता येतो, ज्याच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट आणि रिकामे शनिवार-रविवार आहेत, त्याच्यापुरता तो हिशेब बरोबर आहे. बाकीच्यांसाठी ती अर्धी पावती आहे. शिवाय या गाड्या बहुतेक हौशीच्या असतात, जुनी पोर्शे नाहीतर एमजी. रोज ऑफिसला न्यायची आठ वर्षांची स्विफ्ट घ्यायची असेल तर किमतीचं गणितच निराळं, कारण शौकिनांच्या गाडीचा भाव वाढू शकतो, स्विफ्टचा नाही.

आपल्याकडे मजुरी तुलनेने स्वस्त, त्यामुळे इथे ती गाळलेली ओळ थोडी लहान होते. पण तिच्या जागी कागदपत्रं येतात आणि ती दोन्ही कार्यक्रमांत औषधालाही नाहीत. आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे का? बाहेरच्या राज्यातलं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी? विमा नावावर करून घेतला? पंधरा वर्षं भरत आली असतील तर री-पासिंग आणि ग्रीन टॅक्स वेगळाच. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त मिळाली म्हणून नाचत आलेला माणूस पुढे इथल्या रोड टॅक्सचा आकडा ऐकून खाली बसतो, हे नेहमीचंच.

पत्रा तपासायचा माइकचा धडाही तिथल्या हवेचा आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो, म्हणून तो गाडीच्या पोटाखाली आधी वाकतो. कोकण-गोव्यातली गाडी बघताना हे जसंच्या तसं चालेल, खारी हवा तेच काम करते. मुंबई-ठाण्याच्या गाडीत मात्र पुराचं पाणी शोधा: गालिचा उचलून खालचा फोम बघा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, एसी लावून वास घ्या.

आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम आणखी सोपं आहे. तिथे तीन वर्षं झालेल्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी (आपल्या फिटनेससारखी) होते, आणि नुसता गाडीचा नंबर टाकला की सरकारी वेबसाइटवर तिच्या आधीच्या तपासण्या फुकट दिसतात: कधी नापास झाली, कशामुळे, आणि त्या-त्या वेळी मीटरवर किती मैल होते. आपल्या एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नोंदणी, विमा आणि फिटनेसच्या तारखा कळतात, किलोमीटरचा इतिहास कळत नाही. मीटर मागे केलाय का ते ओळखायला इथे अजून ब्रेक-क्लचच्या पेडलचं घासलेलं रबर, स्टिअरिंगवरची झीज आणि सर्व्हिस सेंटरच्या जुन्या पावत्याच बघाव्या लागतात.