तिसरी टिक, तीही लाल?

निवडणूक लागली की लातूर-बीडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘दोन निळ्या, एक लाल टिक दिसली की सरकारची कारवाई सुरू.’ लगेच ऑफिसचा ग्रुप चिडीचूप. साहेबांना ‘शुभ सकाळ’ तेवढं चालू.

व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिकच नाही. एक करडी म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, निळ्या म्हणजे वाचला. २०१६पासून खासगी मजकूर एन्क्रिप्ट होऊन जातो, वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. पाळत ठेवणारे थेट फोनमध्येच शिरतात. सुमारे १,४०० फोनांत व्हिडिओ कॉलवाटे पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवल्याबद्दल व्हॉट्सॲपने २०१९मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर खटला भरला. कॉल उचलायचीही गरज नव्हती; लाल टिक तर सोडाच.

बाकी साहेबांपर्यंत जातो तो स्क्रीनशॉट, आणि तो काढणारा ग्रुपमधलाच असतो.