द्रुतगती रेल्वेमार्गास स्थानिक विरोध (ग्रामीण विदर्भ)

ताशी 300 किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या रेल्वेला, म्हणजे बोलीतल्या ‘बुलेट ट्रेन’ला, जमीन जाणाऱ्या गावांकडून होणारा संघटित विरोध. विदर्भात तो प्रस्तावित मुंबई–नागपूर मार्गाशी जोडलेला आहे. या मार्गाचे हवाई लायडार (लेझर किरणांनी जमीन मोजण्याचे) सर्वेक्षण 2021 मध्ये सुरू झाले. आखणी बव्हंशी समृद्धी महामार्गाच्या कडेने असल्याने ज्या शिवारांनी एकदा जमीन दिली, तिथेच दुसऱ्यांदा खुंट्या ठोकल्या जाण्याची धास्ती आहे.

मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी घेतलेला पट्टा साधारण 17.5 मीटर रुंद आहे. त्या हिशेबाने किलोमीटरला 1.75 हेक्टर जमीन लागते आणि वावरातून 100 मीटर मार्ग गेला तर 17.5 आर जातात. आकडा लहान दिसतो. पण रेघ तिरकी गेली की धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना तिकोनी तुकडे उरतात, त्यात ट्रॅक्टर वळत नाही, आणि विहीर एकीकडे तर पऱ्हाटी दुसरीकडे राहते. मार्ग खांबांवर असेल तर खालून पाणी व पांदण वाहती राहते. भराव टाकला तर काळ्या जमिनीत वरच्या अंगाला पाणी तुंबून तूर उबळते, म्हणजे वाळून मरते. म्हणून ‘भराव नको, खांब द्या’ ही मागणी ‘प्रकल्प रद्द करा’पेक्षा अधिक कामाची ठरते.

मुंबई–अहमदाबाद मार्गाविरुद्धचे पालघरमधल्या ग्रामसभांचे ठराव इथे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. पालघरचा मोठा भाग अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो आणि तिथे ग्रामसभेला खास अधिकार देणारा पेसा कायदा (1996) लागू आहे. वर्धा–वाशीम–बुलढाणा पट्ट्यात तो नाही. इथला ठराव दबावापुरता उपयोगी पडतो, प्रकल्प अडवत नाही. सरकारी प्रकल्पाला 2013 च्या भूसंपादन कायद्यात 70 किंवा 80 टक्के संमतीचीही अट नाही. तेव्हा नोटीस हाती आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे, हे आधी पाहावे. 2013 च्या कायद्यात कलम 15 नुसार हरकतीला 60 दिवस मिळतात, तर रेल्वे कायद्याच्या कलम 20डी नुसार फक्त 30. मुदत 60 दिवसांची समजून बसलेल्याचा अर्ज दप्तरी पडून राहतो.

खरी लढाई संयुक्त मोजणीच्या दिवशी असते. भूकरमापक, तलाठी व कृषी विभागाचा माणूस बांधावर येतात, चुन्याची रेघ ओढतात आणि पंचनामा लिहितात. संत्र्याच्या झाडांची संख्या व वय, विहिरीचा व्यास व खोली, ठिबकच्या नळ्या, जमिनीखालची पाइपलाइन, गोठा हे सगळे त्याच कागदावर यावे लागते. नंतर वाढवणे फार अवघड. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बागेची नोंद नसेल तर मूल्यांकनात ती जणू नसतेच. शेताचे तुकडे पडल्याचे नुकसान 2013 च्या कायद्याच्या कलम 28 मध्ये मागता येते, पण मागणारे थोडे. वारसनोंद रखडली असेल किंवा भावकीत हिस्स्याचा वाद असेल तर रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. पंचनाम्यावर सही नाकारल्याने मोजणी थांबतेच असे नाही. ‘हरकत राखून’ असे लिहून सही करणे आणि त्याच दिवशी प्रत मागणे बरे. मोबदल्याचा निवाडा मान्य नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 64 खाली संदर्भ (वाद प्राधिकरणाकडे पाठवणे) मागण्याची मुदत निवाड्यावेळी हजर असलेल्याला सहा आठवड्यांचीच आहे.

समृद्धीसाठी आधी भूसंचयाचा (जमिनी एकत्र करून मालकाला विकसित भूखंड परत देण्याचा) प्रस्ताव होता. विरोधानंतर थेट खरेदीवर भर आला आणि कायदेशीर मोबदल्यावर 25 टक्के जादा मिळाले. तोच भाव आता गावाच्या डोक्यात बसला आहे. पक्षांची भूमिकाही याच भावाभोवती फिरते: सत्तेत असताना ‘योग्य मोबदला’, विरोधात असताना ‘एक इंचही जमीन नाही’.

रेल्वेच नको, असे मात्र वऱ्हाडात क्वचितच कोणी म्हणेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज ‘शकुंतला’ बंद पडली. ती रुंद करून द्या, ही मागणी जुनी आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग 2008–09 च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा–कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला.