फळांची बिअर: क्रीकपासून डाळिंबापर्यंत

जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बिअरला जव, हॉप्स (कडवट चवीची फुले) आणि पाणी यांवर बांधून टाकले. बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या आसपास मात्र आंबट चेरीची 'क्रीक' टिकून राहिली. तिचा पाया लॅम्बिक: ३० ते ४० टक्के मोड न आणलेला गहू, हवेतल्या यीस्टवर आपसूक आंबलेला, लाकडी पिंपात मुरलेला. लिटरमागे २०० ते ३०० ग्रॅम चेरी बियांसकट घालून काही महिने ठेवतात. यीस्ट फळाची साखर फस्त करते. मागे राहतो आंबटपणा, सुगंध आणि बियांचा बदामी स्वाद.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोड क्रीक बोकाळली. कोवळ्या बिअरमध्ये रस किंवा सिरप घालायचे आणि यीस्टने ती साखर खाऊ नये म्हणून पाश्चराइझ करायचे. माल झटपट तयार, नाव मात्र तेच. १९९७ मध्ये युरोपीय संघाने 'औड क्रीक', म्हणजे जुन्या पद्धतीची क्रीक, या नावाला वेगळे संरक्षण दिले. गोड मालाचे नाव कायम राहिले आणि अस्सल मालालाच विशेषण चिकटवावे लागले. हा निर्णय अर्धवटच म्हणायला हवा. आपल्याकडच्या शीतपेयांच्या दुकानातली 'फ्रूट बिअर' तर या वादाच्या बाहेरच. तिच्यात अल्कोहोल नसतो.

आता डाळिंबाची बिअर. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भगवा वाण खायला गोड, पण आंबटपणा कमी. साखर आंबून गेली की साध्या बिअरमध्ये तो पाणचट लागतो, रंगही फिका पडतो. म्हणून आधी लॅक्टिक जिवाणूंनी ३.३ ते ३.५ पीएचपर्यंत (आकडा जितका कमी, तितके आंबट) आंबट केलेली बिअर हवी. त्यात लाली टिकते. लिटरला सुमारे २०० ग्रॅम दाणे गोठवावेत आणि सैल झाले की फडक्यातून पिळावेत. मिक्सर नको, बिया फुटून तुरटपणा उतरतो. पांढरा पडदा आणि सालही तशीच तुरट. तडकलेली फळे स्वस्त पडतात, पण आत काळे दिसले तर अख्खे फळ टाकावे.

रस घालायचा तो आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर, १८ ते २० अंशांवर. आपल्या मे महिन्यातल्या खोलीत ठेवल्यास थिनरसारखा वास येतो. हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचे) माप सलग तीन दिवस हलले नाही तरच बाटलीत भरावे. घाई केल्यास बाटल्या फुटतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार यासाठी परवाना लागतो, त्यामुळे हे घरचे नव्हे, मायक्रोब्रुअरीचे, म्हणजे लहान बिअर कारखान्याचे काम.