झोपाळा आणि स्वमग्न प्रौढ

बागेतल्या किंवा घरातल्या झोपाळ्यावर बराच वेळ, बहुधा एकट्याने आणि एका लयीत झोके घेण्याची स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींची आवड. ती लहानपणी लागते आणि अनेकांच्या बाबतीत वयाबरोबर ओसरत नाही. झोका, झुला, हिंदोळा, बंगई ही याच साधनाची इतर नावे. तान्ह्या मुलाच्या पाळण्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

मोठ्या माणसाने झोपाळ्यावर बसण्याची परंपरा जुनी आहे. मात्र ती नेमकी किती जुनी, याबद्दल एकमत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (७.८८) वसिष्ठ वरुणासह नौकेत चढून झोके घेण्याची गोष्ट करतो, तर त्याच्या आधीच्या सूक्तात सोन्याच्या झोपाळ्याचा (प्रेंख) उल्लेख असून त्याचा अर्थ बहुतेक भाष्यकार सूर्य असा घेतात. या सूक्तांचा काळ सामान्यतः इ. स. पू. १५०० ते १००० च्या दरम्यान मानला जातो. तो बराच मागे नेणारेही अभ्यासक आहेत. महाव्रत या वैदिक विधीत ‘होता’ नावाचा ऋत्विज झोपाळ्यावर बसून ऋचा म्हणत असे आणि ऐतरेय आरण्यकात त्या झोपाळ्याच्या मांडणीचा तपशील येतो. हे सूर्यगतीचे अनुकरण, की सुफलतेसाठी केलेला विधी, असा वाद आहे. प्रेंख आणि सूर्य यांची सांगड ऋग्वेदातच असल्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. क्रीट बेटावरील हागिया त्रियादा येथे झोपाळ्यावर बसलेल्या स्त्रीची मातीची लहान प्रतिकृती मिळाली आहे. ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील असावी. तीही खेळणे की पूजावस्तू, हे ठरलेले नाही. नागपंचमीचे झोके, चैत्रगौरीला झोपाळ्यात बसवणे आणि पडवीतला पितळी कड्यांचा झोपाळा सर्वांच्या परिचयाचे आहेत.

झोपाळा लहान मुलांचा ठरला तो सार्वजनिक क्रीडांगणांमुळे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत अशी क्रीडांगणे निघाली आणि केटरिंग येथील चार्ल्स विकस्टीड यांच्या कारखान्याने १९२० च्या दशकापासून नळ्यांच्या चौकटीला साखळीने टांगलेले झोपाळे मोठ्या संख्येने तयार केले. आजच्या बागेतल्या झोपाळ्याची घडण त्याच वळणाची आहे.

स्वमग्नतेच्या वाङ्मयात झोपाळा प्रथम येतो तो मात्र भीतीची वस्तू म्हणून. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्या मुलांना भेदरवून सोडणाऱ्या गोष्टींत त्यांनी तिचाकी सायकल, लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहते पाणी आणि वारा यांच्या पंगतीला झोपाळाही बसवला आहे. पुढे जे वाङ्मय झोपाळ्याच्या ओढीने भरून गेले, त्याचा आरंभ असा उलटा आहे. काही जण याला निव्वळ व्यक्तिभेद मानतात. परंतु कॅनर यांनी तेथेच दिलेला खुलासा सहसा दुर्लक्षित राहतो: त्रास होतो तो बाहेरून लादलेल्या आवाजाचा व हालचालीचा, तेच मूल स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने करते. हा खुलासा झोपाळ्याला लावला तर बरेचसे कोडे सुटते. कोणीतरी मागून ढकललेला झोका आणि स्वतःच्या पायांनी चढवलेला झोका यांची गती सारखी असली, तरी अनुभव वेगळा असतो. प्रौढांना ढकलायला बहुधा कोणी नसतेच. आवड वयाबरोबर टिकण्याचे, काहींच्या बाबतीत वाढण्याचे, हेही एक कारण असू शकेल.

झोपाळ्यावर शरीराला नेमके काय जाणवते, हे थोडे तपशिलाने पाहणे इष्ट. तोलाची जाणीव आंतरकर्णातील अवयवांकडून होते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर युट्रिकल व सॅक्युल ही अंगे कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने सरळ रेषेतील वेगबदल आणि गुरुत्व टिपतात. मोकळ्या झोक्यात शरीराला जाणवणारा दाब जवळजवळ सर्वकाळ साखळीच्याच दिशेने, म्हणजे बसल्या फळीवर सरळ येतो. म्हणून फळीवर ठेवलेल्या भांड्यातले पाणी सावकाश झोक्यात हिंदकळत नाही. झोका तिरपा होतो, पण बसणाऱ्याला एका बाजूला घसरल्यासारखे वाटत नाही. बदलतो तो दाबाचा जोर. झोका ६० अंशांपर्यंत चढला, तर दोन्ही टोकांना शरीराचे भासमान वजन निम्मे होते आणि तळाशी दुप्पट. ७० किलोच्या माणसाला टोकाला ३५ आणि तळाला १४० किलो असल्यासारखे वाटते. ३० अंशांच्या झोक्यात हा फरक बराच सौम्य, सु. ०.८७ पट ते १.२७ पट, असतो. म्हणजे साधा झोपाळा हे ठरावीक अंतराने अंगावर दाब देणारे व काढून घेणारे साधन आहे. जड गोधडीखाली किंवा घट्ट मिठीत जे हवेसे वाटते, त्यातला काही भाग येथे साखळीकडून मिळतो.

दुसरी गोष्ट लयीची. लहान कोनांत झोक्याचा आवर्तकाल साखळीच्या लांबीवर अवलंबून असतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. सव्वादोन मीटरच्या साखळीचा एक पूर्ण झोका सु. ३ सेकंदांचा होतो, मग बसणारा सहा वर्षांचा असो की चाळिशीचा. ६० अंशांवरही हा काळ जेमतेम ७ टक्के वाढतो. ज्या शरीराला बाकी सगळे वयानुसार बदललेले आढळते, त्याला या एका जागी लहानपणचा ताल तसाच मिळतो. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१९ मध्ये निरोगी तरुणांना दर ४ सेकंदांना एक हेलकावा देणाऱ्या पलंगावर झोपवले, तेव्हा त्यांना झोप लवकर लागली आणि गाढ झोपेचे प्रमाण वाढले. हा प्रयोग स्वमग्न व्यक्तींवर नव्हता. मात्र छतापासून टांगलेल्या घरच्या झोपाळ्याचा ताल त्या तालाच्या फार दूर नाही.

या आवडीची कारणमीमांसा तीन प्रकारे केली जाते. एडवर्ड रिट्वो, एडवर्ड ऑर्निट्झ प्रभृती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वमग्न मुलांमध्ये गोल फिरवल्यानंतरची डोळ्यांची थरथर कमी आढळली. त्यावरून आंतरकर्णाचा संदेश मेंदूत मंद पोहोचत असावा आणि मूल तो अधिक प्रमाणात शोधत असावे, असे मत पुढे आले. जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात रुळवलेल्या संवेदी एकात्मीकरण उपचारात (निरनिराळ्या संवेदनांची सांगड घालण्याचा सराव) झोपाळ्याला मध्यवर्ती स्थान मिळाले ते याच विचारधारेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये या उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित असल्याचे नमूद केले. दुसरे मत लक्ष एका प्रवाहात ओतण्याच्या वृत्तीवर (मोनोट्रॉपिझम, २००५) भर देते: झोक्यात पुढचा क्षण आधीच ठाऊक असतो, त्यामुळे गर्दीचा, आवाजाचा, बोलण्याचा ताण तेवढ्यापुरता गळून पडतो. तिसरे मत स्वतः स्वमग्न प्रौढांचे. ब्रिटनमधील स्वमग्न प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात डोलण्यासारख्या पुनरावर्ती हालचाली मन शांत करतात, भावना सामावून घेतात आणि त्या बंद पाडण्याचा आग्रह जाचतो, असे निष्कर्ष आले. झोपाळ्याचा उल्लेख नेहमी ‘थेरपी’ म्हणूनच होण्यावर अनेक प्रौढांचा आक्षेप असतो. इतर लोक मौजेसाठी समुद्रावर जातात तेव्हा त्यांना कोणी उपचाराचा हेतू विचारत नाही. दुसरे व तिसरे मत एकत्र घेतल्यास प्रौढांच्या अनुभवाशी अधिक जुळते. पहिल्याने मुलांचा शोध समजतो, तीस-चाळीस वर्षे टिकणारा आनंद समजत नाही.

ठाणे व नवी मुंबईत या आवडीला मिळणारी जागा दोन्ही शहरांच्या घडणीवर ठरते. जुन्या ठाण्यात, नौपाडा-चरई भागात, घराच्या ओटीवर झोपाळा असे. तिथे तासभर झोके घेणारा काका विक्षिप्त ठरत नव्हता. वाड्यांच्या इमारती झाल्या, तसा तो आडोसा गेला. नवी मुंबईची आखणी सिडकोने (स्थापना १९७०) सेक्टरवार केल्यामुळे चालत जाण्याच्या अंतरावर खेळाचे मैदान किंवा बाग बहुधा असते. मात्र नेरूळचे वंडर पार्क किंवा कोलशेतचे सेंट्रल पार्क यांसारख्या मोठ्या उद्यानांपेक्षा सेक्टरमधली लहान, ओस बाग अशा व्यक्तीला अधिक सोयीची पडते. वाशी येथील महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र व खारघर येथील राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र यांमुळे या परिसरातील पालकांना निदान व प्रशिक्षण जवळ मिळते. त्यांचा भर स्वाभाविकपणे मुलांवर आहे.

बागेत प्रौढाला अडवले जाते ते बहुधा ‘१२ वर्षांखालील मुलांसाठी’ या पाटीने आणि ‘दादा, उतरा, मोडेल तो’ या वाक्याने. ही काळजी अगदीच निराधार नाही. सार्वजनिक क्रीडासाहित्याचे अमेरिकेतील प्रचलित मानक २ ते १२ वर्षे वयोगट गृहीत धरते आणि वर दिल्याप्रमाणे उंच झोक्यात तळाशी भार दुपटीपर्यंत जातो. परंतु चौकट सहसा मोडत नाही. झिजते ती वरची कडी. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात कडी व बुश (कडीच्या आतले नळकांडे) गंजतात, झोक्यागणिक किरकिरतात, आणि आवाजाला हळव्या माणसाला ती किरकिर वजनाच्या मर्यादेआधीच उठवते. रबरी पट्ट्याची बैठक मोठ्यांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी आवळते. सपाट फळी सोसते. वंगण आणि रुंद फळी एवढ्यावर बरेच भागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने स्वमग्नतेचा समावेश २१ प्रकारांत केला असून त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजनाचा हक्क येतो. तेथे वयाची अट नाही. वेळेचाही प्रश्न आहे. अनेक बागा दुपारी बंद असतात, म्हणजे मुले शाळेत असतानाची सर्वांत शांत वेळ हातची जाते, आणि संध्याकाळी झोपाळ्यापाशी रांग असते. प्रौढ व्यक्ती त्यामुळे पहाटे, चालायला येणाऱ्यांच्या आधी किंवा रात्री बाग बंद होण्याच्या सुमारास येते, आणि तिच्याकडे संशयाने पाहिले जाते तेही याच वेळांमुळे.

फ्लॅटमध्ये झोपाळा टांगताना हूक छताच्या पातळ स्लॅबऐवजी तुळईत, पोलादी अँकरने, बसवून घ्यावा लागतो. भाड्याच्या घरात घरमालक बहुधा ते मान्य करत नाहीत, तेव्हा जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट वापरतात. तिची साखळी आखूड असते. एक मीटरला आवर्तकाल सु. २ सेकंदांवर येतो. बागेतल्या तालाची सवय असलेल्यांना तो घाईचा वाटतो.