नरक्या, कॅम्पटोथेसिन आणि मधली तीस वर्षं

रानातल्या अमुक झाडाच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मेल्या, की त्याची बातमी होते. खरं तर प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशी मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. घोडं अडतं ते पुढे. कुठे कुठे अडतं, हे नरक्याच्या इतिहासात नीट दिसतं.

कोकण, गोवा, कारवारच्या घाटांतल्या सदाहरित जंगलात वाढणारं हे छोटं झाड, फुलांना घाण वास. आजचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुन्या लेखांत मॅपिया फीटिडा. संदर्भ शोधताना दोन्ही नावं घ्यावीत, नाहीतर सुरुवातीचं महत्त्वाचं काम नजरेतून सुटतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 1960 नंतरच्या दोन दशकांत सुमारे 35,000 वनस्पती तपासल्या. त्याच काळात, 1966मध्ये, मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्पटोथेका या चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हा कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू वेगळा केला. वाणी मूळचे नंदुरबारचे, शिक्षण मुंबईत. पुढे पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाच्या शोधातही हीच जोडी होती. 1972मध्ये गोरेगावच्या सीबा या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तोच रेणू सह्याद्रीतल्या नरक्यात मिळाला, तोही चिनी झाडापेक्षा जास्त. पानांपेक्षा खोडात आणि मुळात त्याचं प्रमाण अधिक असतं.

कॅम्पटोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य. अशी द्रव्यं काढायची नेहमीची रीत म्हणजे आम्लात विरघळवायचं, अमोनियानं मोकळं करायचं आणि क्लोरोफॉर्ममध्ये ओढायचं. पण कॅम्पटोथेसिन आम्लाशी टिकाऊ क्षार बनवत नाही, त्यामुळे ती इथे फसते. सावलीत वाळवलेल्या भुकटीचा मिथेनॉल अर्क काढून तो क्लोरोफॉर्म आणि पाण्यात विभागावा लागतो. पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे अर्कातले घटक ठिपक्यांत वेगळे करायच्या रीतीत, 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली त्याचा ठिपका झळझळीत निळा दिसतो. ओळख पटवायला तो पुरेसा नाही, पण कुठल्या भागाकडे बघायचं ते कळतं.

रेणू हाती आला, पण पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचं लॅक्टोन कडं (रेणूतल्या अणूंचं एक वलय) उघडून सोडियम क्षार केला आणि तो रुग्णांना दिला. त्या कड्यातच औषधाचा गुण होता. उघडलेला रेणू जवळजवळ निष्क्रिय, आणि आम्लधर्मी लघवीत कडं पुन्हा मिटलं की मूत्राशयातून रक्तस्राव. 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच चाचण्या थांबल्या. 1985मध्ये हा रेणू डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला डीएनएवर अडकवून ठेवतो हे कळलं, तेव्हा कुठे त्यात पुन्हा रस निर्माण झाला. त्याच्यापासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली 1996मध्ये.

मागणी वाढली आणि तिचा भार सह्याद्रीवर आला. मुळातही माल असल्यानं झाड बुंध्यासकट उपटलं जाऊ लागलं. बुंधा राखून तोडलं तर नवे फुटवे येतात, उपटल्यावर काहीच येत नाही. 2005मध्ये नरक्याच्या आतल्या सालीतली एक बुरशी कॅम्पटोथेसिन बनवते असा शोध प्रसिद्ध झाला आणि झाड वाचेल अशी आशा वाटली. पण अशा बुरश्यांचं उत्पादन पुन्हापुन्हा वाढवताना घटत जातं, हे लवकरच दिसलं.

गोव्यात नवं झाड तपासायला घेणाऱ्यांना नडतात त्या गोष्टी याहून साध्या. पावसाळ्यात गोळा केलेला पाला नीट वाळला नाही की बुरशी धरते आणि तिचीच विषं अर्कात उतरतात. फुलाफळासह दाबून वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवला नसेल, तर पुढच्या वर्षी तीच जात आणली की दुसरीच, हे सांगता येत नाही. खारफुटीच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. ते प्रथिनांना चिकटतं आणि अर्क उगीच गुणकारी भासतो, म्हणून आधी टॅनिन धरून ठेवणाऱ्या पॉलिअमाइडवरून गाळून घ्यावं. एमटीटी चाचणीत चूक उलटी होते. या चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगाचा जांभळा करतात आणि त्यावरून त्या किती उरल्या ते मोजतात. अर्कातली पॉलिफिनॉल ही द्रव्यं (टॅनिन त्यांतलंच) तो रंग स्वतःच बदलतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. चाचणीच्या थाळीतल्या पेशी नसलेल्या खाचांत नुसता अर्क आणि एमटीटी घालून बघितलं की हे लगेच उघडं पडतं.

निम्म्या पेशी थांबवायला लागणारी मात्रा कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच पुढे जावं, असा साधारण रिवाज आहे. 200ला पेशी मेल्या तर त्याचं फार कौतुक नको, तेवढ्यात बरंच काही मरतं. निरोगी पेशींवरची मात्रा शेजारी दिलेली नसेल तर 20च्या आतला आकडाही अर्धवटच. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीतला गार्सिनॉल पेशींवर चालतो, त्यावर लेखही पुष्कळ आहेत, पण त्याचं कर्करोगावरचं औषध अजून झालेलं नाही. सोलकढी प्यावी ती जेवणावर.