ड्रेटन हॉल: मुद्दाम रिकामं ठेवलेलं घर

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ ॲशली नदीच्या काठी ड्रेटन हॉल आहे. आत फर्निचर नाही. वीज आणि नळ या घरात कधी आलेच नाहीत. पाहायला जाणाऱ्याला आधी हे विचित्र वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

हे घर बांधणाऱ्या जॉन ड्रेटनचा जन्म शेजारच्याच मॅग्नोलिया मळ्यावरचा. तो तिसरा मुलगा, त्यामुळे वडिलांची वास्तू आपल्या वाट्याला येण्याची आशा नव्हती. 1738 साली त्याने लगतची जमीन विकत घेतली. घरही त्याच वर्षाचं, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. पुढे माळ्यावरच्या लाकडांची वलयं तपासली, तेव्हा ती झाडं 1747-48 च्या हिवाळ्यात तोडलेली निघाली. म्हणजे बांधकाम चांगलंच रेंगाळलं होतं.

आराखडा इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या वळणाचा. दर्शनी बाजूला दुमजली, खांबांचा सज्जा, आणि मधोमध मोठं दालन ठेवून दोन्हीकडे मापात बसवलेल्या खोल्या. ही शैली इथे आली ती इंग्लंडमार्गे, छापील नमुन्यांच्या पुस्तकांतून. मोठ्या दालनातल्या शेकोटीवरची नक्षी इंग्रज वास्तुकार विल्यम केंटने 1727 मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांवरून घेतली आहे. अर्थात पुस्तकातलं चित्र आपोआप भिंतीवर चढत नाही. विटा, सायप्रस आणि पाइनचं लाकूड, कोरीव काम, ओल्या गिलाव्यातच हाताने घडवलेलं छत या सगळ्यामागे कसबी हात होते, आणि त्यांतले कितीतरी गुलाम आफ्रिकींचे. ड्रेटनचा पैसाही त्यांच्याच कष्टाचा: भात, नीळ, गुरं. त्यामुळे या घराला नुसतं ‘पॅलाडियन’ म्हणणं मला तरी अर्धवट वाटतं. मालकाचं घर टिकलं, राबणाऱ्यांच्या झोपड्या मात्र उरल्या नाहीत. त्यांची दफनभूमी तेवढी आहे, साधारण 1790 पासूनची.

यादवी युद्धाच्या अखेरीस, 1865 मध्ये, केंद्रीय फौजांनी या नदीकाठची घरं जाळली. मॅग्नोलिया गेलं, जवळच्याच मिडलटन प्लेस या मळ्याचं मुख्य घरही गेलं. ड्रेटन हॉल वाचलं. इथे देवीची साथ आहे अशी हूल उठवून सैनिकांना लांब ठेवलं, अशी कथा सांगतात. कथा झकास आहे, म्हणूनच जरा सावधपणे ऐकावी.

युद्धानंतर घराण्याची ऐपत राहिली नव्हती. ती सावरली जमिनीखालच्या फॉस्फेटने. खतासाठी त्याला मागणी होती आणि मुक्त झालेले कृष्णवर्णीय मजूर खाणीत राबत होते. घराच्या डागडुजीचा पैसा तिथून आला. दोन्ही बाजूंच्या जोडइमारती मात्र राहिल्या नाहीत: एक 1886 च्या भूकंपात पडली, दुसरी 1893 च्या वादळात.

सात पिढ्या घर ड्रेटनांकडेच होतं. पण कुणी तिथे कायम राहायला उरलं नाही, म्हणून वीज-नळाची गरजही पडली नाही. 1974 मध्ये ते ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं. तेव्हा दोन वाटा होत्या. अठराव्या शतकातलं फर्निचर आणून, ताजा रंग देऊन घर पुन्हा सजवायचं, किंवा आहे तसंच सांभाळायचं. ट्रस्टने दुसरी वाट धरली, आणि ते बरं झालं. सजवायचं तर एखादा काळ निवडून पुढच्या पिढ्यांच्या खुणा पुसाव्या लागल्या असत्या. दरवाजाच्या चौकटीवर केलेल्या मुलांच्या वाढत्या उंचीच्या नोंदीही त्यात गेल्या असत्या. 1977 पासून घर लोकांना पाहायला खुलं आहे.