होलोग्राफिक द्वैत

होलोग्राफिक द्वैत : गुरुत्वाकर्षणाचा एखादा सिद्धांत आणि त्याहून एक मिती कमी असलेला, गुरुत्वाकर्षण अजिबात नसलेला क्वांटम क्षेत्र सिद्धांत ही दोन्ही एकाच भौतिक व्यवस्थेची वर्णने असतात, असे सांगणारी सैद्धांतिक भौतिकीतील अटकळ. तिची सर्वसाधारण गणिती सिद्धता अजून कोणी दिलेली नाही. मात्र १९९७ पासून शेकडो तपासण्यांमधून ती निभावून गेली आहे. तिचे सर्वांत परिचित रूप ‘एडीएस/सीएफटी’ (अँटी-डी सिटर अवकाश/अनुरूप क्षेत्र सिद्धांत) या नावाने ओळखले जाते.

कल्पनेचे मूळ कृष्णविवरांत आहे. कोठीत किती धान्य मावेल हे कोठीच्या घनफळावर ठरते, भिंतींच्या क्षेत्रफळावर नाही. साध्या वायूची एंट्रॉपी, म्हणजे आतल्या कणांच्या किती वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत आणि म्हणून त्यात किती माहिती दडलेली आहे याचे माप, हीही अशीच घनफळाबरोबर वाढते. कृष्णविवराच्या बाबतीत मात्र एंट्रॉपी घटना क्षितिजाच्या (ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे, असे याकोब बेकेनस्टाईन यांनी १९७२-७३ मध्ये मांडले. स्टीफन हॉकिंग यांना ते सुरुवातीला पटले नव्हते. पुढे १९७४ मध्ये त्यांच्याच गणितातून कृष्णविवरे तापलेल्या वस्तूसारखे प्रारण सोडतात असे निघाले आणि त्याबरोबर नेमका गुणकही हाती आला : प्लँक एककांत (निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांवरून ठरणाऱ्या एककांत) मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक चतुर्थांश. हा आकडा अवाढव्य असतो. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर, पण एंट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात एकावर ७७ शून्ये. खुद्द सूर्याची एंट्रॉपी एकावर ५८ शून्यांच्या आसपास आहे.

एखाद्या जागेत माहिती कोंबत गेले तर शेवटी तिथे कृष्णविवर तयार होते आणि त्याची क्षमता पृष्ठभागावरून ठरते. म्हणजे कोणत्याही जागेतील माहितीची कमाल मर्यादा तिच्या पृष्ठभागावर अवलंबून हवी. जेरार्ड ट हूफ्ट यांनी १९९३ मध्ये आणि लिओनार्ड ससकिंड यांनी १९९५ मध्ये हा विचार ‘होलोग्राफिक तत्त्व’ म्हणून पुढे आणला. सपाट फिल्मवर त्रिमितीय चित्र नोंदवणाऱ्या होलोग्रामवरून हे नाव आले. तत्त्व मोहक होते, पण त्यावरून एकही ठोस गणित करता येत नव्हते.

ती सोय स्ट्रिंग सिद्धांतातून, म्हणजे मूलभूत कण हे सूक्ष्म कंपणाऱ्या तंतूंची रूपे आहेत असे मानणाऱ्या सिद्धांतातून, झाली. या सिद्धांतात डी-ब्रेन नावाच्या पटलसदृश वस्तू असतात आणि स्ट्रिंगची टोके त्यांना जोडलेली राहतात. अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी १९९६ मध्ये अशा ब्रेनच्या क्वांटम अवस्था मोजून एका विशिष्ट कृष्णविवराची एंट्रॉपी तंतोतंत मिळवली. कृष्णविवर प्रारण किती वेगाने शोषते आणि सोडते, याची तुलना त्याच वर्षी सुरू झाली. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांचे काम होते, तसेच सुमित दास आणि समीर माथुर यांचेही. ब्रेनवरचे गणित आणि कृष्णविवराचे गणित सारखेच उत्तर देत होते. एकात गुरुत्वाकर्षण आहे, दुसऱ्यात नाही. मग उत्तरे जुळतात कशी, हा प्रश्न त्यामुळे टोकदार झाला.

नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात असलेल्या हुआन माल्दासेना यांनी त्याचे उत्तर सुचवले. एकमेकांवर रचलेल्या पुष्कळ डी-ब्रेनकडे कमी ऊर्जेवर पाहिले तर दोन चित्रे दिसतात. पहिल्यात ब्रेनवर राहणारा चार मितींचा, कमाल अतिसममिती (द्रव्यकण आणि बलवाहक कण यांना जोडणारी सममिती) असलेला यांग-मिल्स सिद्धांत, म्हणजे अणुकेंद्रातील तीव्र बलाच्या सिद्धांताच्या जातीचा क्वांटम क्षेत्र सिद्धांत, उरतो. दुसऱ्यात ब्रेनच्या वजनाने वाकलेला अवकाश उरतो : पाच मितींचा अँटी-डी सिटर अवकाश आणि त्याला जोडून पाच मितींचा गोल. ही चित्रे एकाच गोष्टीची असल्यामुळे दोन्ही सिद्धांत एकच आहेत, असा माल्दासेना यांचा दावा होता. अँटी-डी सिटर अवकाशाची वक्रता ऋण असते आणि त्याची सीमा अनंत अंतरावर असते. तरीही प्रकाशकिरण आतल्या निरीक्षकाच्या घड्याळाप्रमाणे मर्यादित वेळात सीमेला पोहोचून परत येतो. क्षेत्र सिद्धांत याच सीमेवर राहतो असे मानतात.

१९९८ मध्ये गब्सर, क्लेबानोव्ह व पॉल्याकोव्ह या तिघांनी आणि स्वतंत्रपणे एडवर्ड विटेन यांनी दोन्ही बाजूंचा ‘शब्दकोश’ तयार केला. आतील क्षेत्राचे सीमेवरचे मूल्य म्हणजे क्षेत्र सिद्धांतातील एका राशीला दिलेली बाह्य चालना. आतील कणाच्या वस्तुमानावरून त्या राशीची मोजपट्टी बदलल्यावरची वागणूक ठरते. जास्तीची मिती म्हणजे ऊर्जेची पातळी : सीमेजवळ उच्च ऊर्जा, खोल आत कमी ऊर्जा. आतले मोठे कृष्णविवर म्हणजे सीमेवरचा तापलेला द्रव, आणि दोघांचे तापमान एकच. हॉकिंग आणि डॉन पेज यांनी १९८३ मध्ये निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या गणितात शोधलेले एक प्रावस्था-संक्रमण (पाण्याची वाफ होण्यासारखा बदल) विटेन यांना सीमेवर वेगळ्याच रूपात भेटले : गेज सिद्धांतातील (यांग-मिल्स हा त्याच प्रकारचा) बांधलेले कण मोकळे होण्याचे संक्रमण. पंधरा वर्षे पडून असलेल्या निष्कर्षाला असा दुसरा अर्थ मिळणे हे या विषयातले एक देखणे प्रकरण म्हणावे लागेल.

द्वैताचे खरे मर्म आंतरक्रियेच्या तीव्रतेत आहे. सीमेवरील सिद्धांतात ही तीव्रता जितकी जास्त, तितका आतला अवकाश स्ट्रिंगच्या लांबीच्या मानाने सौम्यपणे वाकलेला असतो आणि आइन्स्टाइनची समीकरणे पुरतात. ब्रेनची संख्या मोठी असेल तर गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणामही बाजूला ठेवता येतात. तीव्रता कमी असेल तेव्हा सीमेवरचे गणित फाइनमन आकृत्यांनी (कणांच्या आंतरक्रिया टप्प्याटप्प्याने मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) सुटते, पण आत साधे गुरुत्वाकर्षण उपयोगी पडत नाही, अख्खा स्ट्रिंग सिद्धांत लागतो. थोडक्यात, एक बाजू सोपी असते तेव्हाच दुसरी अवघड असते. या द्वैताचा उपयोग होतो तो यामुळेच, आणि ते सिद्ध करणे कठीण जाते तेही यामुळेच, कारण दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून ताडण्याची संधी क्वचित मिळते. अतिसममितीमुळे तीव्रतेबरोबर न बदलणाऱ्या राशी तपासायला सोप्या. बाकीच्या बदलतात : या यांग-मिल्स सिद्धांताची तीव्र आंतरक्रियेतील एंट्रॉपी आंतरक्रिया नसतानाच्या एंट्रॉपीच्या तीन चतुर्थांश भरते. काही राशी मात्र तीव्रतेच्या सर्व मूल्यांसाठी काढता आल्या आहेत आणि त्या दोन्ही टोकांना बरोबर जुळतात.

प्रयोगांच्या सर्वांत जवळ गेलेला निष्कर्ष द्रवांविषयी आहे. पोलिकास्त्रो, सोन आणि स्टारिनेट्स यांनी २००१ मध्ये कृष्णविवराच्या क्षितिजावरून तीव्र आंतरक्रियेच्या द्रवाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, काढली. श्यानता आणि एंट्रॉपी-घनता यांचे गुणोत्तर १/४π आले, प्लँक आणि बोल्ट्झमन स्थिरांकांच्या एककात. आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण लागू असेल तिथे हे मूल्य तेच येते, द्रव कोणताही असो. साध्या तापमानाच्या पाण्याचे गुणोत्तर याच्या सुमारे पावणेचारशे पट आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रके आदळवून मिळालेला क्वार्क-ग्लुऑन द्रव (प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे घटक कण मोकळे होऊन बनलेला) जवळजवळ घर्षणाविना वाहतो, असे २००५ मध्ये जाहीर झाले. त्याचे गुणोत्तर या मूल्याच्या काही पटींच्या आतच आहे. १/४π ही निसर्गाची किमान मर्यादा असावी असाही कयास होता, पण आइन्स्टाइनच्या समीकरणांत पुढची पदे घातल्यावर त्याहून कमी मूल्येही निघाली.

या यशाचे वजन बेतानेच धरावे. क्वार्क-ग्लुऑन द्रवाच्या सिद्धांतात अतिसममिती नाही, आणि त्यातल्या ‘रंगां’ची (क्वार्कांच्या एक प्रकारच्या प्रभाराची; ब्रेनच्या संख्येची जागा इथे हीच संख्या घेते) संख्या फक्त ३ आहे, जी मोठी म्हणवत नाही. अतिवाहकांसारख्या पदार्थांवर २००८ पासून होलोग्राफिक पद्धती वापरल्या जातात, तिथे तर आतली बाजू बहुधा अंदाजानेच उभी केलेली असते. याउलट एक निष्कर्ष सैद्धांतिकदृष्ट्या भक्कम आहे. सायंतनी भट्टाचार्य, वेरोनिका हुबेनी, शिराज मिनवाला आणि मुकुंद रंगमणी यांनी २००७-०८ मध्ये दाखवले की अँटी-डी सिटर अवकाशातील कृष्णविवराचे क्षितिज हळुवार हलते तेव्हा आइन्स्टाइनच्या समीकरणांतून सीमेवर द्रवगतिकीची समीकरणे निघतात. भट्टाचार्य आणि मिनवाला तेव्हा टाटा संस्थेतच होते.

गेल्या वीस वर्षांत मुख्य प्रवाह माहितीच्या प्रश्नाकडे वळला. शिन्सेई रियू आणि ताडाशी ताकायानागी यांनी २००६ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार सीमेचा एक भाग उरलेल्या भागाशी किती क्वांटम एन्टँगलमेंट (दोन भागांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असणे) बाळगतो, हे आत ताणलेल्या किमान पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांशावरून कळते. बेकेनस्टाईन-हॉकिंग सूत्राचेच हे विस्तारित रूप. त्याच्या सुधारित आवृत्तीने २०१९ मध्ये, विरून जाणाऱ्या कृष्णविवराच्या प्रारणाची एंट्रॉपी आधी वाढून मग घटते, हे दाखवता आले. माहिती नष्ट होत नसेल तर असेच घडायला हवे.

सिद्धतेच्या दिशेने सर्वांत पुढे गेलेले उदाहरण तीन मितींच्या अँटी-डी सिटर अवकाशाचे आहे. २०१८-१९ मध्ये लोरेन्झ एबरहार्ट, मॅथियास गाबरडिएल आणि राजेश गोपकुमार यांनी तिथल्या एका विशेष स्थितीत, स्ट्रिंग आपल्या अवकाशाइतकीच मोठी असताना, दोन्ही बाजूंचे वर्णपट (शक्य ऊर्जा-अवस्थांच्या याद्या) एकच असल्याचे दाखवले.

आपल्या विश्वाला हे सारे लागू पडते का, हा प्रश्न वेगळा. विश्वाचा विस्तार वेग घेत आहे हे १९९८ मध्ये आढळले. म्हणजे विश्वाची घडण अँटी-डी सिटरच्या उलट, डी सिटर प्रकाराकडे झुकते. अशा अवकाशाला कडेची सीमा नसते. असते ती अनंत भविष्यकाळात. स्ट्रॉमिंजर यांनी २००१ मध्ये तिथे क्षेत्र सिद्धांत मांडण्याची कल्पना पुढे आणली, पण तो सिद्धांत नेहमीच्या क्वांटम नियमांत बसत नाही आणि माल्दासेना यांच्या उदाहरणाइतका नेमका शब्दकोश त्यासाठी तयार झालेला नाही.